बाटलीतली फुफ्फुसं

एका गजबजलेल्या वर्गात मी एका प्रश्नाला फारसा विचार न करता "हो" म्हणाले आणि त्या "हो"वर विसंबून एक माणूस जमिनीखाली उतरला. हे कबूल करायला मला बारा दिवस लागले. ते बारा दिवस मी कसे काढले, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरातही नाही.

मी मूळची साताऱ्याची. आमच्याकडे हळद डब्यात असते. नोकरीमुळे सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायला आले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इथं हळद जमिनीत ठेवतात. त्याला पेव म्हणतात. घागर जमिनीत पुरावी तशी ती खोली असते. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आत तीन परस, म्हणजे एकावर एक तीन माणसं उभी राहतील एवढं खोल, आणि पोट चांगलं रुंद. वर्षानुवर्षं हळद त्यात राहते आणि किडत नाही. गावातल्या रस्त्यांवरून चालताना आपल्या पायाखाली अशा कितीतरी खोल्या आहेत, असं एका सहशिक्षिकेनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यानंतर बरेच दिवस मी रस्त्याच्या कडेकडेनं चालत असे. अर्थात हे मी तिला कळू दिलं नाही, कारण विज्ञानाच्या बाईंनी घाबरायचं नसतं.

शाळेत मानवी शरीराचं एक विकतचं मॉडेल होतं. त्याचं यकृत माझ्या आधीच हरवलं होतं, आणि उजवं फुफ्फुस कुणीतरी कागदांवर वजन म्हणून ऑफिसात नेलं ते परत आलं नव्हतं. त्यात माझ्या जोडीच्या शिक्षकांची जागा भरली गेली नाही म्हणून नववीच्या दोन तुकड्या एकाच खोलीत बसवलेल्या. ऐंशीच्या वर मुलं. शेवटच्या बाकावरच्यांना फळा दिसत नाही, मग ते आपापसात काय करतात ते विचारू नये. त्या एका फुफ्फुसाच्या माणसाला मी टेबलावर उभा केला की पुढची दोन बाकं सोडून कुणाला काही दिसायचं नाही. म्हणून मी ठरवलं, मॉडेल मुलांनीच करायची, आणि प्रत्येक बाकावर एक तरी असली पाहिजे.

मंगल कार्यालयाच्या मागे रिकाम्या बाटल्यांचा ढीग असतो, तो आम्ही उचलला. ओळखीच्या दवाखान्यातून सलाईनच्या कोऱ्या नळ्या मिळाल्या. फुगे बाजारातले. बाटलीचा तळ कापायचा, झाकणाला भोक पाडून नळी आत सोडायची, नळीच्या दोन फाट्यांना दोन फुगे बांधायचे, आणि कापलेल्या तळाला मोठ्या फुग्याचा पडदा ताणून लावायचा. पडदा खाली ओढला की आतले फुगे फुगतात, सोडला की बसतात. आपल्या छातीत हेच चालतं. चार वर्षं फळ्यावर आकृती काढून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते पोरांना अर्ध्या तासात कळलं. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. आणि खूश असले की मी जरा जास्तच हुशारी दाखवते, ही माझी जुनी खोड आहे.

त्या दिवशी मी सगळ्यांना एकदम पडदे ओढायला लावले. एक म्हटलं की ओढायचा, दोन म्हटलं की सोडायचा. लाल, हिरवे, वाढदिवसाची नक्षी छापलेले चाळीसेक जोड फुगे एकदम फुगले आणि एकदम बसले. पहिल्या दोन-तीन वेळा हशा झाला. मग हळूहळू आवाज बंद झाला. ऐंशी मुलांचा वर्ग गप्प झालेला मी तोपर्यंत ऐकला नव्हता. रबर ताणल्याची चरचर आणि हवेची बारीक फुसफुस, एवढंच. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, जो तो आपल्या बाटलीकडे बघत होता. मी मोजायचं थांबवलं तरी खोली श्वास घेतच राहिली. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझा स्वतःचा श्वासही त्याच तालावर चाललाय, आणि तो मला मोडता येत नाहीये. माझ्या हातांवर काटा आला. मी डस्टर टेबलावर आपटलं.

गोंधळ परत सुरू झाला, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मागच्या बाकावर दोघांनी बाटलीत पाणी भरलं होतं, त्यांचा मी समाचार घेत होते. तेवढ्यात खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचं मॉडेल वर्गात सगळ्यात चांगलं झालं होतं. तिचे वडील पेवात उतरून हळद काढायचं काम करतात, हे मला माहीत होतं. फीच्या सवलतीच्या अर्जावर मीच ते लिहिलं होतं. तिनं विचारलं, "बाई, ह्ये पेवात सोडलं आन फुगं फुगलं, तर आत हवा हाय म्हणायचं का?"

मी त्या दोन पाणीवाल्यांकडेच बघत होते. "हो, म्हणायचं की," असं म्हणाले आणि एकाची बाटली हिसकावून घेतली. मग घंटा झाली.

सहा मॉडेल मी प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर ती सहाही एकदम हलली. फुगे किंचित फुगले आणि खाली बसले. घट्ट दार ओढलं की सगळं कपाट हादरतं, त्यानं पडदे हलतात, हे मला एका क्षणात उलगडलं. उलगडलं तरी त्या दिवसापासून मी ते दार फार हळू उघडायला लागले, आणि उघडताना दुसरीकडे बघायला लागले.

रविवार गेला. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी कुजबुज कानावर आली की तिसऱ्या बाकावरच्या मुलीचे वडील पेवात पडले, दवाखान्यात आहेत. ती शाळेत आली नव्हती. दुपारपर्यंत सगळी हकीकत गोळा झाली, आणि मी स्टाफरूममध्ये डबा उघडून तशीच बसून राहिले.

पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. आदल्या दिवशी तोंडावरचा दगड काढून ठेवतात, आणि उतरण्याआधी पेटता कंदील दोरीनं आत सोडतात. कंदील विझला तर त्या दिवशी काम बंद, मग वर ट्रक उभा असो की मालक. पण रेशनवर रॉकेल मिळायचं बंद झालं आणि कंदील गोदामाच्या खुंटीवर कोरडे लटकत राहिले. तेव्हापासून डब्यात मेणबत्ती लावून सोडतात. त्या रविवारी सकाळी मेणबत्ती दोनदा सोडली आणि दोनदा विझली. कामावरचा मुकादम म्हणाला, आज नको. मुलगी वडिलांची भाकरी घेऊन आली होती आणि सोबत तिची बाटली होती. ती तिनं आणखी सुधारली होती. पडद्याला खाली दगड बांधला होता, आणि तो दगड वरून उचलायला वेगळी दोरी. दोरी सैल सोडली की दगड पडदा खाली ओढायचा, फुगे फुगायचे. दोरी ताणली की बसायचे. बॅटरीच्या उजेडात तिनं बाटली आत सोडली आणि तिथं जमलेल्या सगळ्यांनी वाकून बघितलं. फुगे फुगत होते. वडील म्हणाले, मेणबत्ती वाऱ्यानं विझली असेल, शाळेतलं यंत्र खोटं कशाला दाखवेल. आणि बाटली आत तशीच लटकत असताना ते कमरेला दोर बांधून उतरले.

तो दोर होता म्हणून ते वाचले. वरच्यांनी ओढून बाहेर काढलं तेव्हा ते काळेनिळे पडले होते. दवाखान्यात ते शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्यांचे पिवळे हात आणि पिवळी नखं बघून आधी काविळीचीच चौकशी केली म्हणे. हळदीच्या कामातला माणूस आहे हे समजल्यावर तिथली नर्स हसली. हे मला सांगताना शिपाईमामाही हसले. मला हसू आलं नाही.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं की असलं काही आपण शिकवलं होतं का. मी म्हणाले, आपण श्वसनसंस्था शिकवली, पेव अभ्यासक्रमात नाही. वाक्य अगदी बिनचूक होतं. ते म्हणाले, बरं झालं, उगाच शाळेचं नाव नको यायला. मी वर्गात जाऊन उत्सर्जनाचा धडा सुरू केला. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर एक जागा रिकामी होती आणि माझी नजर तिथं अडखळत होती.

पाचव्या दिवशी वडील घरी आले असं कळलं, तेव्हा मी भेटायला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. रस्ताभर वाक्य जुळवत होते. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, दारात हळकुंडांचा वास. ते कॉटवर उशीला टेकून बसले होते. मुलगी कोपऱ्यात उभी होती आणि तिची आई तिच्याकडे बघत नव्हती. ते माझ्या लगेच लक्षात आलं. आई चहा टाकायला उठली तेव्हा पोरीच्या अंगावरून गेली, पण तिला बाजूला हो असंही म्हणाली नाही.

वडील हळू बोलत होते, मध्ये थांबत होते. म्हणाले, "मी श्वास घेत हुतो बाई. लय जोरात घेत हुतो. येत बी हुता. पर भागत न्हवतं." थोडं थांबून म्हणाले, "खाली पडलो तवा म्होरं त्ये फुगंच दिसत हुतं. वर-खाली, वर-खाली. त्यास्नी काय बी हुत न्हवतं."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती सांगताना ते बायकोकडे बघत होते, माझ्याकडे नाही. पेवात माणूस उतरला की वरचा दर थोड्या वेळानं हाक मारतो आणि आतल्यानं ओ द्यायची. ओ आली नाही की ओढायचं. मुकादम देवाशपथ सांगतो की त्यानं चार हाका मारल्या, तीन वेळा ओ आली, चौथीला आली नाही म्हणून ओढलं. पण वडिलांना आठवतं की पहिल्या हाकेलाच त्यांना आवाज फुटला नव्हता. "मी एकदा बी ओ दिली न्हाई, बाई," ते म्हणाले. मी म्हणाले, हवा कमी पडली की डोकं नीट चालत नाही, काही आठवतं, काही पुसलं जातं. ते हो म्हणाले. मला ते पटलं होतं. तरी ते बायकोकडेच बघत राहिले.

आईनं चहा माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच मुलीकडे वळली. सगळ्यांदेखत विचारलं, फुगं फुगलं म्हणजे हवा आहे, हे शहाणपण तुला कुणी शिकवलं होतं.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. "कुणी न्हाई," ती म्हणाली. "माझं मीच."

मी चहाचा घोट घेतला. माझी जुळवलेली सगळी वाक्यं तोंडात होती, आणि मी चहा पीत राहिले. आई म्हणाली, आता शाळा पुरे झाली हिची, लई शहाणी झाली, सोमवारपासून माझ्याबरोबर हळद निवडायला येईल. मी म्हणाले, असं करू नका, हुशार आहे ती. त्या म्हणाल्या, हुशार हाय म्हणूनच की. मी कप खाली ठेवला, वडिलांना जपायला सांगितलं आणि निघाले. नोकरीची भीती वाटली, गावाची वाटली, आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्या बाईच्या डोळ्यांची वाटली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण लाज वाटली म्हणून मी परत फिरले, असंही झालं नाही.

पुढचा आठवडा वाईट गेला. वर्गात मुलं गप्प झाली की मला ती चरचर ऐकू यायची. शेवटी एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी कपाटातलं एक मॉडेल पिशवीत घातलं आणि मुकादमाला शोधत गोदामावर गेले. त्याला म्हणाले, मला ते पेव बघायचंय. त्याला वाटलं बाईंना काहीतरी झालंय. पण मी साताऱ्याची आहे, माझा हट्ट त्याच्याही वरचा निघाला.

ते पेव अपघातानंतर दगड लावून बंद केलं होतं. त्यानं पहारीनं दगड सरकवला. आतून गार, गोडसर, मातकट वास आला. दुपारचं लख्ख ऊन होतं आणि ते त्या तोंडाशी येऊन थांबत होतं. त्यानं मला पोटावर झोपायला लावलं आणि डोकं आत घालायचं नाही असं बजावलं. आम्ही डब्यात मेणबत्ती पेटवून सोडली, आणि शेजारी मुलीनं केलं होतं तसंच, दगड आणि दोन दोऱ्या बांधून माझं मॉडेल. हवा अगदी पडलेली होती. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

पहिल्या परसाला ज्योत नीट होती. दुसऱ्या परसाला ती पिवळी, मग आखूड झाली. मग विझली. फडफडली नाही, धूर झाला नाही. कुणीतरी बोटांच्या चिमटीत धरावी तशी गेली. मुकादम बॅटरीचा झोत धरून होता. मी दुसरी दोरी सैल सोडली. दगडानं पडदा खाली ओढला आणि त्या अंधारात दोन लाल फुगे टरारून फुगले. ताणली, बसले. सैल सोडली, फुगले. जिथं ज्योत दोन क्षण टिकली नाही, तिथं ते निवांत श्वास घेत होते. त्यांना फक्त आत काहीतरी यायला हवं होतं, काय येतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. चाळीस बाटल्या करून घेताना मी एकदाही हे वाक्य वर्गात बोलले नव्हते. तेच तर सांगायचं होतं.

मी ती दुसरी दोरी ताणून धरायची विसरले होते, हातातून सोडून दिली होती. तरी बॅटरीच्या झोतात फुगे अजून वर-खाली होताना दिसत होते. दगड झोके खात असणार, त्यानं पडदा हलत असणार. मुकादम हळूच म्हणाला, "आवं बाई, वर घ्या त्येला." आम्ही दोघांनी मिळून ओढलं. दोरी मला वाटली त्यापेक्षा जड लागली. बाहेर उन्हात आल्यावर बाटलीच्या आतल्या अंगाला बारीक दव धरलं होतं, काचेवर कुणी तोंड जवळ नेऊन श्वास सोडावा तसं. थंड बाटली उबदार हवेत आली, दुसरं काही नाही. मी ती पदरानं पुसली नाही. तशीच पिशवीत घातली आणि सरळ त्या पत्र्याच्या घरी गेले.

या वेळी चहा नको म्हणाले. वडील बाहेर बाजल्यावर उन्हाला बसले होते, आई सुपात हळकुंडं निवडत होती, मुलगी तिच्यापासून हातभर अंतरावर दुसरं सूप घेऊन बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. म्हणाले, तिनं मला वर्गात विचारलं होतं, फुगे फुगले तर हवा आहे म्हणायचं का. आणि मी हो म्हणाले होते. तिची चूक नाही, माझी आहे. त्या दिवशी इथं बसून चहा पीत होते तेव्हाही मला हे माहीत होतं.

आईचा हळकुंडं निवडणारा हात थांबला. मी वाट बघत होते की ती मला काहीतरी बोलेल, आणि ती जे बोलेल ते मला हवं होतं. पण ती वळून मुलीकडे बघायला लागली. बारा दिवसांत पहिल्यांदा बघत असावी तशी.

मुलगी म्हणाली, "मला वाटलं हुतं, तुमी ऐकलंच न्हाई." तिचा आवाज अगदी साधा होता. "एवढी पोरं हुती. तुमी तिकडं बगत हुता, उगंच व्हय म्हणला असाल. म्हणून मी तुमचं नाव घेतलं न्हाई."

मी म्हणाले, "ऐकलं होतं."

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग सूप खाली ठेवून उठली आणि आईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. आईनं मागे न बघताच हात वर केला आणि तिचं मनगट धरलं. वडिलांनी घसा खाकरला, म्हणाले, "बसा, बाई." मी बसले नाही.

सोमवारी ती शाळेत आली. त्याच दिवशी विज्ञानाच्या तासाला मी एका बाटलीत मेणबत्ती विझवून दाखवली आणि मॉडेलला काय कळत नाही ते ऐंशी जणांना सांगितलं, माझ्या चुकीसकट. मुलांनी खूप प्रश्न विचारले आणि मी एकेकाकडे वळून, बघून उत्तरं दिली. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं. दहावी होऊन शाळा सोडेपर्यंत ती रोज खिडकीजवळच्या त्या बाकावर बसली, चांगले मार्कही मिळवले. मला मात्र तिनं पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.